उधवा : दोन मुक्तिलढ्यांच्या वाटेवर

तलासरीहून खानवेल-दूधनीकडे निघालेल्या सहलीच्या गाड्या उधव्यात थांबतात त्या फार तर चहापुरत्या. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातलं हे सीमेवरचं गाव. पलीकडे दादरा-नगर हवेली, उत्तरेला गुजरात. पर्यटनाच्या नकाशात उधव्याला जागा नाही. इतिहासात मात्र आहे.

2 ऑगस्ट 1954 रोजी नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झालं. त्या मोहिमेत तिचे एक म्होरके राजा वाकणकर यांच्या बरोबरीने संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. सिल्वासा सोडून पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूला सरकला. पुढे कुठलीच वाट उरली नाही, तेव्हा 11 ऑगस्टला त्याने भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं खाली ठेवली, ती उधव्यात. नगर हवेलीतल्या पोर्तुगीज सत्तेचा शेवट असा या गावी झाला.

त्याआधी नऊ वर्षं याच तालुक्यात दुसरा लढा पेटला होता. 23 मे 1945 रोजी झरी गावात हजारो वारली आदिवासी जमले. जमीनदार आणि सावकारांकडे यापुढे वेठबिगारी करायची नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने सभेच्या लाल बावट्याखाली ही प्रथा मोडली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर आदिवासी शहीद झाले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचं आहे. सहलीआधी ते वाचून निघालात, तर झरी नुसतं रस्त्यातलं गाव राहत नाही.

दहा-बारा जणांच्या गटाला हा सगळा पट्टा एका दिवसात पाहता येतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेच निघा. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण एप्रिल-मेमध्ये ओहोळ आटतात, सागाची पानं झडून डोंगर उघडे पडतात आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. सकाळी झरी आणि उधवा करून ऊन चढण्याआधी खानवेल गाठावं. तिथून पुढे दूधनीला दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचा फुगवटा लागतो. तापलेल्या डोंगरांमधलं ते पाणी, त्यात फिरणाऱ्या नावा, यासाठीच बहुतेक गट इथवर येतात. हे पाणी गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमणला जातं. तलासरीच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालताना दिसतात, हेही पाहावं.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास आलात तर परतताना डहाणूजवळच्या विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा भरलेली असते. ताडगोळे आणि घोलवडचे चिकू घ्यायलाही तीच वाट सोयीची.

एकच सांगणं : पाड्यांवरची घरं, त्यांच्या भिंतींवरची चित्रं ही कुणाची तरी राहती जागा आहे. विचारून आत जा, विचारून फोटो काढा, आणि उधव्यात चहापेक्षा थोडं जास्त थांबा.