बर्फावरील हॉकी, व्यावसायिक : संघ व नगरे
उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बर्फ-हॉकीचे संघ कोणत्या नगरांत असावेत, यासंबंधी कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या दोन देशांत दीर्घकाळ चालत आलेला वाद व त्याची पार्श्वभूमी. भारतात हॉकी या शब्दाने मैदानी खेळ सूचित होतो (पहा : हॉकी). कॅनडात मात्र त्याच नावाने बर्फावर पायांत स्केट बांधून, रबराच्या चपट्या चकतीने खेळावयाचा खेळ ओळखला जातो. भारतात तो मुख्यतः लडाखमधील गोठलेल्या तलावांवर हिवाळ्यात खेळतात. या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक संघटना नॅशनल हॉकी लीग ही असून तिच्या ३२ संघांपैकी २५ अमेरिकेत व ७ कॅनडात आहेत (२०२५). कॅनडाची लोकसंख्या सु. चार कोटी असल्याने तेथे सु. ५७ लाख लोकांमागे एक संघ पडतो, तर अमेरिकेत सु. १ कोटी ३५ लाख लोकांमागे एक. या हिशेबाने कॅनडाला झुकते माप मिळाल्यासारखे दिसते. परंतु खेळाविषयीची आस्था, खेळाडूंचा पुरवठा आणि परंपरा ही कसोटी लावल्यास निष्कर्ष उलट निघतो. वादाचे मूळ या दोन मोजमापांतील अंतरात आहे.

बंदिस्त जागेतील पहिला सुसंघटित सामना ३ मार्च १८७५ रोजी माँट्रिऑलमधील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक येथे झाला. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये दिलेला चषक १८९३ पासून प्रदान करण्यात येऊ लागला व पुढे तोच व्यावसायिक विजेतेपदाचे चिन्ह ठरला. खेळ कॅनडाचा, याविषयी त्यामुळे दुमत नाही. परंतु खेळाडूंना उघडपणे वेतन देणारी पहिली लीग प्रामुख्याने अमेरिकन होती, ही गोष्ट वादात सहसा विसरली जाते. मिशिगन संस्थानातील हॉटन या तांब्याच्या खाणींच्या गावी स्थायिक झालेला जॉन गिब्सन हा कॅनडियन दंतवैद्य तिच्या प्रवर्तकांपैकी एक होता. १९०४ ते १९०७ या काळात चाललेल्या या लीगमध्ये हॉटन, कॅल्युमेट, पिट्सबर्ग इ. ठिकाणचे चार अमेरिकन संघ होते व कॅनडातील केवळ एक. खेळाडू मात्र बहुतेक कॅनडाहून येत, कारण तेथील हौशी संघटना पैसे घेणाऱ्यास बहिष्कृत करीत. खेळाडू उत्तरेचे आणि पैसा दक्षिणेचा ही विभागणी अशा रीतीने प्रारंभापासूनच आहे.

नॅशनल हॉकी लीगची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रिऑल येथे झाली. तिच्या नावातील ‘नॅशनल’ हा शब्द तिच्या पूर्वीच्या, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेकडून आला. त्यात अभिप्रेत असलेले राष्ट्र अर्थातच कॅनडा होते. १९२४ मध्ये बॉस्टनचा संघ दाखल झाला व १९२६–२७ च्या हंगामात दहापैकी सहा संघ अमेरिकन झाले. म्हणजे ही संस्था निव्वळ कॅनडियन अशी केवळ सात वर्षे होती. या स्थित्यंतराचे कारण न्यूयॉर्क, शिकागो व डिट्रॉइट येथे त्या सुमारास उभी राहत असलेली प्रचंड क्रीडागारे हे होय. अशा वास्तूंच्या मालकांना हिवाळ्यातील रात्री भरून काढणारा खेळ हवा होता. १९२५ मध्ये हॅमिल्टनच्या खेळाडूंनी वाढीव सामन्यांबद्दल प्रत्येकी २०० डॉलर मागून संप पुकारला. तेव्हा लीगने संघास निलंबित केले आणि ते खेळाडू ७५,००० डॉलरना न्यूयॉर्कच्या नव्या संघास विकले गेले. हॅमिल्टनला या लीगचा संघ त्यानंतर आजतागायत मिळालेला नाही. विसाच्या दशकात चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकणारा ऑटावाचा संघ मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, सेंट लूइसला हलविण्यात आला. तेथे तो कॅनडियन गटातच ठेवल्यामुळे आगगाडीच्या लांबलचक प्रवासाचा खर्च झेपेना व एका हंगामातच तो बंद पडला. १९४२ पासून पुढील पंचवीस वर्षे माँट्रिऑल, टोराँटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो व डिट्रॉइट हे सहाच संघ उरले. त्यांपैकी चार अमेरिकन होते, तरी जवळजवळ सर्व खेळाडू कॅनडियन असल्याने आणि दर शनिवारी रात्री कॅनडाच्या आकाशवाणीवर व १९५२ पासून दूरचित्रवाणीवर सामने प्रक्षेपित होत असल्याने, ही लीग आपलीच आहे अशी कॅनडियन जनतेची धारणा याच काळात पक्की झाली.

त्या धारणेस पहिला मोठा धक्का १९६७ मध्ये बसला. लीगने एकदम सहा नवे संघ घेतले आणि ते सर्व अमेरिकन होते : लॉस अँजेल्स, ओकलंड, मिनेसोटा, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग व सेंट लूइस. सेंट लूइसने तर अर्जही केलेला नव्हता. परंतु तेथील जुने क्रीडागार शिकागो संघाच्या मालकांचे होते व त्यांना ते खपवावयाचे होते. व्हँकूव्हरचा अर्ज याच वेळी फेटाळण्यात आला. त्या नगरास १९७० मध्ये संघ मिळाला तो ६० लाख डॉलरना. तीन वर्षांपूर्वीचा दर २० लाख होता. लीगला अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे राष्ट्रव्यापी करार हवे होते व त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर पाय रोवणे भाग होते, हे विस्ताराचे अधिकृत समर्थन व्यापारदृष्ट्या असंगत म्हणता येणार नाही. तथापि कॅनडातील प्रक्षेपणाचे उत्पन्न वाटून घेण्यास टोराँटो व माँट्रिऑल हे संघ फारसे उत्सुक नव्हते, ही दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. कॅनडियन नगरांना आडकाठी नेहमी अमेरिकनांनीच केली, असे नाही.

हे १९७९ मध्ये अधिक स्पष्ट झाले. १९७२ मध्ये निघालेल्या प्रतिस्पर्धी लीगमधील एडमंटन, विनिपेग, क्वीबेक व हार्टफर्ड हे चार संघ सामावून घेण्याचा प्रस्ताव मार्चमध्ये मतास टाकला असता तो नामंजूर झाला. विरोधकांत माँट्रिऑलचा संघही होता. त्या संघाची मालकी मोल्सन या मद्यनिर्मात्या कंपनीकडे होती. तेव्हा तिन्ही कॅनडियन नगरांतील लोकांनी मोल्सनच्या बिअरवर बहिष्कार घातला आणि त्याच महिन्यात फेरमतदान होऊन प्रस्ताव संमत झाला. प्रेक्षकांच्या इच्छेने संघाचे ठिकाण प्रत्यक्ष ठरल्याचे हे एक विरळ उदाहरण होय. १९८० मध्ये ॲटलांटाचा संघ कॅल्गारीस आला. १९८३ मध्ये सेंट लूइसचा संघ सस्कॅचेवन प्रांतातील सॅस्कटूनला नेण्याचा करार मालकांनी केला असता लीगने मात्र तो अडविला.

उतरणीचा आरंभ सामान्यतः ९ ऑगस्ट १९८८ या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी एडमंटनने वेन ग्रेट्‌स्की हा आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू लॉस अँजेल्सला दिला. हा व्यवहार सरकारने थांबवावा, अशी मागणी कॅनडातील एका संसद सदस्याने केली, यावरून लोकभावनेची कल्पना येते. ग्रेट्‌स्कीमुळे कॅलिफोर्नियात खेळास नवा प्रेक्षक लाभला व १९९१ ते १९९३ या काळात सॅन होसे, टँपा, ॲनाहाइम व मायॅमी येथे संघ निघाले. त्यांसोबत ऑटावालाही १९९२ मध्ये संघ मिळाला. १९९३ मध्ये मिनेसोटाचा संघ डॅलसला गेला. हिवाळ्यात तलाव गोठणारे संस्थान सोडून संघ टेक्ससमध्ये गेल्याने अमेरिकन उत्तरेतही हळहळ व्यक्त झाली. वादाची रेषा केवळ दोन देशांतील सीमेवरून जात नाही, हे यावरून दिसते. क्वीबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला व विनिपेगचा १९९६ मध्ये फीनिक्सला गेला. क्वीबेकवासीयांच्या दुःखात भर अशी, की त्यांच्या गेलेल्या संघाने पहिल्याच हंगामात, १९९६ मध्ये, स्टॅन्ली चषक जिंकला.

या स्थलांतरांचे मुख्य कारण चलनाच्या दरात आहे. कॅनडियन संघांचे बहुतेक उत्पन्न कॅनडियन डॉलरमध्ये व खेळाडूंचे वेतन अमेरिकन डॉलरमध्ये असते. १९९५ च्या सुमारास कॅनडियन डॉलरचे मूल्य सु. ७३ अमेरिकन सेंट होते; २००२ च्या आरंभी ते ६२ सेंटपर्यंत घसरले. म्हणजे क्रीडागार पूर्ण भरले, तरी वेतनाचा बोजा केवळ विनिमयामुळे निम्म्याहून अधिक वाढत होता. जानेवारी २००० मध्ये केंद्रीय उद्योगमंत्री जॉन मॅन्ली यांनी कॅनडियन संघांना सरकारी साहाय्य जाहीर केले. परंतु कोट्यधीश खेळाडूंच्या वेतनासाठी करदात्यांचा पैसा का, असा गदारोळ देशभर उठला व तीन दिवसांत घोषणा मागे घ्यावी लागली. खेळ हा राष्ट्रीय ठेवा आहे असे मानणाऱ्या जनतेनेच त्यासाठी सार्वजनिक निधी नाकारला, ही या वादातील सर्वांत बोलकी घटना म्हणावी लागेल. पुढे २००४–०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत वाया जाऊन २००५ मध्ये संघनिहाय वेतनमर्यादा लागू झाली आणि २००७ मध्ये दोन्ही डॉलर समपातळीवर आले. तेव्हा पारडे फिरले.

फीनिक्सच्या संघाने मे २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ब्लॅकबेरी दूरध्वनी बनविणाऱ्या कंपनीचे जिम बॅल्सिली यांनी तो विकत घेऊन हॅमिल्टनला नेण्याची तयारी दर्शविली. लीगने त्यास कडाडून विरोध केला व न्यायालयाने सप्टेंबरमध्ये बॅल्सिलींचा प्रस्ताव फेटाळला. संघ लीगनेच विकत घेतला. संघाचे क्रीडागार ज्या ग्लेनडेल उपनगरात होते, तेथील नगरपालिकेने तो टिकावा म्हणून पुढील दोन हंगामांसाठी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर मोजले. सु. सव्वादोन लाख वस्तीच्या गावास हा भार फार मोठा होता. कॅनडाने जे साहाय्य नाकारले, तेच ॲरिझोनातील एका उपनगराने दिले. संघ अखेर टिकला नाहीच : टेंपी येथील मतदारांनी मे २०२३ मध्ये नव्या क्रीडागाराची योजना फेटाळली आणि सु. ५,००० आसनांच्या विद्यापीठीय क्रीडागारात दोन हंगाम काढून २०२४ मध्ये खेळाडूंसह सर्व पसारा सॉल्ट लेक सिटीला गेला. ॲटलांटाचा दुसरा संघ २०११ मध्ये विनिपेगला आला होता. एकूण १७ कोटी डॉलरच्या त्या व्यवहारातील ६ कोटी लीगने स्थलांतर-शुल्क म्हणून घेतले. तेथे १३,००० हंगामी तिकिटे अल्पावधीत संपली, पण २०२४ पर्यंत ही संख्या साडेनऊ हजारांच्या आसपास उतरली. छोट्या नगराची निष्ठा कितीही तीव्र असली, तरी वाढत्या दरांपुढे तिला मर्यादा पडतात.

उष्ण प्रदेशात हॉकी शोभत नाही, हा आक्षेप भावनिक आहे. कॅनडातील कृत्रिम बर्फाची पहिली क्रीडागारे १९११–१२ मध्ये पॅट्रिक बंधूंनी व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया येथे बांधली, ती तेथील हिवाळा सौम्य असल्यामुळेच. शिवाय दक्षिणेतील संघांनी खेळाडूंची नवी पिढी घडविली आहे. २०१६ च्या निवडीत टोराँटोने सर्वप्रथम घेतलेला ऑस्टन मॅथ्यूज हा ॲरिझोनात वाढला, फीनिक्सचा संघ पाहत खेळ शिकला. फीनिक्सच्या अपयशी म्हटल्या जाणाऱ्या संघाच्या जमाखर्चात ही बाब सहसा धरली जात नाही. लीगमधील कॅनडियन खेळाडूंचे प्रमाण आता सु. दोन-पंचमांश असून अमेरिकन खेळाडू एक-चतुर्थांशाहून अधिक आहेत. माँट्रिऑलने १९९३ मध्ये चषक जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत एकाही कॅनडियन संघास तो मिळालेला नाही; २०२४ व २०२५ मध्ये एडमंटनला अंतिम फेरीत हरविणारा संघ फ्लॉरिडाचा होता.

कॅनडाचा दावा आर्थिकदृष्ट्या दुबळा आहे असेही नाही. तेथील प्रक्षेपणाचे हक्क रॉजर्स कंपनीने २०१३ मध्ये बारा वर्षांसाठी ५२० कोटी कॅनडियन डॉलरना घेतले व २०२५ मध्ये पुढील बारा वर्षांसाठी १,१०० कोटींचा करार केला. साठ लाखांहून अधिक वस्तीच्या टोराँटो महानगरात दुसरा संघ सहज पोसला जाईल, असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु प्रत्येक संघास नगराच्या सीमेपासून ५० मैलांपर्यंत (सु. ८० किमी.) प्रादेशिक हक्क असतात व हॅमिल्टनही त्या कक्षेत येते. त्यातच नव्या संघाचे शुल्क सर्व मालकांत वाटले जाते. १९६७ मध्ये २० लाख असलेले हे शुल्क लास व्हेगासला (२०१७) ५० कोटी व सिअ‍ॅटलला (२०२१) ६५ कोटी डॉलर पडले. कुठलाही संघ नसलेले संपन्न अमेरिकन नगर मालकांना मोलाचे वाटते ते यामुळे. १९१७ मध्ये चषक जिंकणारा पहिला अमेरिकन संघ सिअ‍ॅटलचाच होता, हा योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे.

क्वीबेकने सार्वजनिक पैशातून सु. ३७ कोटी कॅनडियन डॉलर खर्चून १८,००० आसनांचे क्रीडागार २०१५ मध्ये खुले केले व संघासाठी अर्ज केला. २०१६ मध्ये लीगने लास व्हेगासला संघ दिला आणि कॅनडियन डॉलरची घसरण व पूर्व-पश्चिम विभागांतील असमतोल ही कारणे देऊन क्वीबेकचा अर्ज लांबणीवर टाकला. प्रांतिक सरकारने लॉस अँजेल्स संघाचे दोन सरावसामने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे भरविण्यासाठी ५० ते ७० लाख डॉलर देऊ केले, तेव्हा त्यावर सडकून टीका झाली. त्या क्रीडागारात सध्या कुमार गटाचा संघ खेळतो. महिलांची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली ती दोन्ही देशांत प्रत्येकी तीन संघ ठेवून. २०२५ मध्ये तिने सिअ‍ॅटल व व्हँकूव्हर यांची एकाच वेळी भर घातली.