यकृताच्या आजारात पथ्य कशाचे?

वृद्ध आईला किंवा वडिलांना यकृताचा सिरॉसिस झाल्याचे कळले की काविळीच्या जुन्या समजुतीप्रमाणे त्यांच्या ताटातून तूप, डाळ, दूध, अंडी एकेक करून वगळली जातात. दीर्घकाळच्या दाहाने यकृतात व्रणासारखे तंतू वाढून ते कठीण होते, त्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात; या आजारात भूक मुळातच मंदावलेली असल्याने असे पथ्य रुग्णाला थेट कुपोषणाकडे नेते.

निरोगी यकृत जेवणातील साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि रात्रभर ती बेताबेताने रक्तात सोडते. सिरॉसिसमध्ये हा साठा तोकडा पडतो. त्यामुळे निरोगी शरीर दोन-तीन दिवसांच्या निराहारानंतर ज्या अवस्थेला पोहोचते, तिथे रुग्णाचे शरीर एका रात्रीतच येते आणि स्नायू मोडून ऊर्जा मिळवू लागते. रक्तातील अमोनिया निकामी करण्यास स्नायूंचाही हातभार लागत असल्याने ते झिजले की अशक्तपणाबरोबरच अमोनियाचा मेंदूवर परिणाम होऊन गुंगी, विसराळूपणा आणि असंबद्ध बोलणे उद्भवण्याचा धोकाही वाढतो.

म्हणूनच प्रथिने तोडण्याचा सल्ला आता मागे पडला असून दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 60 किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण 72 ते 90 ग्रॅम होते आणि एका अंड्यातून जेमतेम 6 ग्रॅम प्रथिने मिळतात, हे पाहता प्रत्येक खाण्यात डाळ, दूध, दही, पनीर किंवा अंडे असणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट होते.

पोटात पाणी साठणे, म्हणजे जलोदर, झाला असेल तर जठरावर दाब येऊन चार घासांतच पोट भरते. अशा वेळी भरल्या ताटाचा आग्रह धरण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे देणे हिताचे असते. झोपण्यापूर्वी दोन पोळ्या आणि कपभर दूध यांसारखे, सुमारे 50 ग्रॅम कर्बोदके देणारे खाणे रात्रीची झीज रोखते. मधुमेह असल्यास या खाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एकादशी-चतुर्थीचा कडक उपास मात्र, श्रद्धेचा मान राखून, समजावून थांबवावा.

खरे पथ्य मद्याचे आणि मिठाचे आहे. जलोदरात दिवसभराचे मीठ साधारण 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, इतकेच असावे. त्यासाठी पापड, लोणचे, फरसाण टाळून लिंबू, जिरे, आले, कोथिंबीर यांनी चव आणता येते. तरीही अळणी म्हणून ताट परत येऊ लागले, तर मिठाची मर्यादा थोडी सैल करावी का, हे डॉक्टरांना विचारावे, कारण उपाशी राहणे अधिक घातक ठरते.

भूक वाढवण्यासाठी परस्पर काढे देऊ नयेत. गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्याही विचारल्याविना देऊ नयेत. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप, पोटदुखी किंवा अचानक आलेला गोंधळलेपणा दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

आजार अखेरच्या टप्प्यात पोहोचला आणि प्रत्यारोपणाचा मार्ग उरला नाही, तर ग्रॅमांचा हिशेब बाजूला ठेवून वेदनाशमन करणाऱ्या उपशामक सेवेची मदत घ्यावी. आईवडिलांना त्या वेळी जे आणि जेवढे खावेसे वाटेल तेवढेच द्यावे, आणि त्यांनी घास नाकारला म्हणून कुटुंबीयांनी स्वतःला दोष देऊ नये.