खंडेनवमीला आठवणारे एक विमान

खंडेनवमीला घरोघरी कोयती, कात्री, हातोडी यांना हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. पुष्पक विमानाचे आख्यान मी कीर्तनात अनेकदा लावले आहे. परंतु ते धन्याच्या इच्छेने चाले, त्याला कारागीर लागत नसे. ज्याला लागतो, अशा विमानाची कथा आज वाचकांपुढे ठेवतो. ती परधर्मीयांची आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

१९४५ साली अमेरिकेतील काही ख्रिस्ती वैमानिकांनी अरण्यातील मिशनऱ्यांसाठी एक संस्था स्थापिली. पुढे ती मिशन एव्हिएशन फेलोशिप म्हणून ओळखली गेली. तिचे पहिले विमान दुहेरी पंखांचे वॅको, आणि पहिली वैमानिक बेटी ग्रीन ही स्त्री. १९४६ मध्ये तिने ते मेक्सिकोस नेले. त्याच वर्षी दुसऱ्या वैमानिकाच्या हातून उतरताना ते मोडले, आणि दुरुस्तीसाठी नेट सेंट नावाचा तरुण तेथे गेला.

अशा विमानाचा पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणलेले कापड. फासळी तडकली की कापड उसवावयाचे, फासळी बदलावयाची, पुन्हा शिवावयाचे आणि वर डोप नावाचे द्रव्य चढवावयाचे. ते वाळले म्हणजे कापड आकसते व बोटाने टिचकी मारल्यास नाद देते. पखवाजाला पुडी चढविणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको! मात्र पुडी सैल राहिली तर बोल बिघडतो. येथे खाली निबिड अरण्य असते.

सेंट पुढे इक्वेडोरला गेला. विमानाला इंजिन एकच. इंधनाची वाट तुंबली तर? या चिंतेतून त्याने इंधनाची पर्यायी जोड स्वतः बसविली. ८ जानेवारी १९५६ रोजी कुरारे नदीच्या वाळवंटात वाओरानी लोकांच्या भाल्यांनी तो व त्याचे चार सहकारी मारले गेले. शोधकांना त्याचे पिवळे पायपर विमान दिसले; त्याचे कापड सोलून काढलेले होते.

न बोलाविता दुसऱ्याच्या अरण्यात धर्म घेऊन जाणे मला मान्य नाही. वाओरानींनी परक्यांकडून पूर्वी पुष्कळ सोसले होते. तरीही त्या मिस्तरीच्या हातांना नमस्कार करताना मला संकोच वाटत नाही. १९९४ मध्ये वाळूतून त्या विमानाचा सांगाडा निघाला. त्याचे अवशेष संस्थेने अमेरिकेत आपल्या मुख्यालयात जपून ठेवले.

यंदा पूजेच्या पाटावर माझ्या चिपळ्यांशेजारी नातवाच्या सायकलीचा पाना मांडणार आहे. त्याने कारण विचारले, तर वॅकोपासून आरंभ करीन.