पडद्याआडची ॲप्स

जयपूरच्या बडी चौपडहून आमेरच्या किल्ल्याकडे निघालेला प्रवासी बॅटरी उतरलेली पाहतो आणि फोनमधील सारी ॲप्स बोटाने सरकवून बंद करतो. हा उपाय बहुधा व्यर्थ ठरतो. पडद्याआड गेलेले ॲप सहसा काम करीत नसते. त्याची स्थिती फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, जपून ठेवलेली असते. जागा अपुरी पडल्यास अँड्रॉइड प्रणाली जुनी ॲप्स स्वतःच काढून टाकते. उलट, बंद केलेले ॲप पुन्हा उघडताना प्रोसेसरला अधिक श्रम पडतात व वीजही अधिक लागते. बॅटरीसाठी ॲप्स बंद करण्याची गरज नाही, असे ॲपल कंपनीचे क्रेग फेडरिघी यांनीही २०१६ साली एका ग्राहकास कळविले होते.

नकाशाच्या ॲपची गोष्ट मात्र निराळी. मार्गदर्शन चालू राहिल्यास ते पडद्याआडूनही उपग्रहांचे संकेत घेत राहते. काम संपताच ते थांबवावे. अडकून पडलेले ॲपही बंद करावे.

मे महिन्यात जयपूरचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. आयफोन तर ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे त्याची निर्माती कंपनी सांगते. तापलेला फोन पडद्याचा उजेड आपोआप मंद करतो, चार्जिंगही थांबवतो. अशा वेळी तो प्रथम सावलीत न्यावा.