चरबी वाहणारे हमाल

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे लिहून आले की आपल्या घरांत एक अवघडलेली शांतता पसरते. लिव्हर बिघडले म्हणजे दारू, हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की ज्यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही, तेही तो कागद नातेवाइकांपासून लपवतात. नगर शहरात शिकवताना पालकांच्या बोलण्यात आम्ही हे अनेकदा ऐकले आहे. “टीचर, आमच्यात कोणी पीत नाही, मग हे आलं कुठून?” प्रश्न रास्त आहे. पण लपवलेला कागद डॉक्टरांपर्यंत जात नाही, आणि यकृत सहसा दुखून हाक मारत नाही. वर्षानुवर्षे साचलेल्या चरबीने काहींच्या यकृताला सूज येते, पुढे ते निबर होते, तोवर घरात कुणाला पत्ता नसतो.

उर्दूत त्याला जिगर म्हणतात, आपल्या स्वयंपाकघरात कलेजी, पुस्तकात यकृत. शब्द तीन, अवयव एकच. त्याच्या पाच टक्क्यांहून जास्त भागात चरबी साचली की डॉक्टर त्याला फॅटी म्हणतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, रक्तदाब यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तेव्हा देशातले त्याचे प्रमाण ९ ते ३२ टक्के सांगितले होते. मधुमेही आणि स्थूल माणसांत ते आणखी जास्त. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचे जुने इंग्रजी नावच बदलले. त्यात ‘अल्कोहोल’ आणि ‘फॅटी’ हे दोन शब्द होते आणि त्यांनी रुग्णाला उगाच शरम वाटते, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणजे ही शरम फक्त आपल्या मोहल्ल्यातली नाही.

चरबी येते कुठून? काही थेट तेलातुपातून. पण बरीचशी साखरेतून आणि मैद्यातून. गरजेपेक्षा जास्त साखर आली की यकृत तिची चरबी बनवते. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्याच्यामागे कारखान्यांची रांगच लागली. दिवसातून पाच वेळा चहा, त्यात दोन-दोन चमचे साखर, सोबत खारी नाहीतर नानखटाई. हिशेब ज्याने त्याने मांडावा.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. यकृतात चरबी येणे हा आजार नाही, ते त्याचे रोजचे काम आहे. आलेली चरबी बांधून रक्तातून शरीरभर पाठवणे हेही त्याचेच काम. मग आतला माल बाहेर नेतो कोण, आणि कुणाच्या हुकमाने? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर मुंबईत सापडले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांची प्रयोगशाळा होती. पुढे ते पवईच्या आयआयटीत गेले. शिक्षण भौतिकशास्त्राचे, पण रमले पेशीत. २०१४ चा भटनागर पुरस्कार आणि २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला, तो पेशीतल्या वाहतुकीवरच्या कामासाठी.

पेशीत वाहतूक म्हणजे काय? नेप्तीच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशी गेलात तर पाठीवर गोणी घेऊन पळणारे हमाल दिसतील. पेशीतही तसेच आहे. तिच्यात बारीक नळ्यांचे रस्ते असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन दोन पायांनी चालावे तसे चालते, पाठीवर माल घेऊन. त्याचे एक पाऊल आठ नॅनोमीटरचे. एक मिलिमीटर जायचे तर सव्वा लाख पावले! १९८५ मध्ये अमेरिकेत स्क्विड या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूत ते प्रथम सापडले. मलिक यांच्यासारखे शास्त्रज्ञ लेसरच्या किरणाने चिमट्यासारखा माल धरून ठेवतात आणि हमाल किती जोर लावतो ते मोजतात.

२०१७ मध्ये या गटाने, पुण्याच्या आयसर आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांसोबत, एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांना खाऊ घातले, काहींना उपाशी ठेवले आणि त्यांच्या यकृतातल्या चरबीच्या थेंबांवर कायनेसिन किती आहे ते पाहिले. पोट भरलेले असताना रक्तात इन्सुलिन वाढते. त्याच्या इशाऱ्याने हमाल चरबीच्या थेंबांना चिकटतात आणि ते पेशीच्या कडेला नेतात. तिथे चरबी फोडून, नव्याने बांधून रक्तात पाठवायची सोय असते. उपाशीपोटी इन्सुलिन उतरते, हमाल थेंबांवरून सुटतात, माल आतच राहतो.

पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हे उलटेच वाटले. उपाशी असताना तर चरबी वापरायला हवी ना? वापरली जातेच. उपासात अंगातल्या साठ्यांमधून चरबीचा लोंढा यकृताकडे येतो. तो सगळा एकदम रक्तात गेला तर काय होईल? अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण आठवा. पावसाळ्यात प्रवरेला आलेले पाणी ते अडवते आणि मग बेताने सोडते. यकृत तेच करते. म्हणून उपाशी प्राण्याच्या यकृतातली चरबी कितीतरी पट वाढते, पण रक्तातली जवळजवळ स्थिर राहते.

रमजानमध्ये कुणी हे वाचून घाबरू नये. ही काही तासांची साठवण आहे, वर्षांची नाही. शिवाय निरीक्षण उंदरांवरचे आहे. रोज्याने यकृत बिघडते असे त्यातून निघत नाही. रोज्याने ते आपोआप सुधारते असेही निघत नाही, विशेषतः इफ्तारला भजी, समोसे आणि गोड शरबत यांची रांग लागणार असेल तर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोज्यांआधी डॉक्टरांशी बोलावे.

मग हमालांना हाकणारे औषध का करू नये? आतला माल भराभर बाहेर काढला तर यकृत हलके होईल, पण तीच चरबी रक्तात वाढून हृदयाच्या वाट्याला जाईल. उलट हमाल रोखले तर यकृतातच ढीग. त्यामुळे गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. याच निबंधात आणखी एक गोष्ट आढळली: पेशीतले कायनेसिन कमी केले की हेपटायटिस सीच्या विषाणूची वाढही रोखली जाते. बहुधा त्या विषाणूलाही या थेंबांचा आसरा लागतो.

औषधांची सुरुवात झाली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत या आजाराच्या पुढच्या टप्प्यासाठी पहिले औषध मंजूर झाले. ‘ग्रेड १’ वाल्यांना मात्र डॉक्टर सहसा वजन उतरवायलाच सांगतात. सात ते दहा टक्के वजन उतरले तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. ऐंशी किलोच्या माणसासाठी ते साडेपाच ते आठ किलो होतात, आणि चहातली साखर ही त्यातली पहिली आणि सगळ्यात स्वस्त पायरी.