आगमनकाळ

आगमनकाळ हा पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील उपासनावर्षाचा पहिला कालखंड होय. नाताळापूर्वीचे चार रविवार त्यात येतात. संत आंद्रेयाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळ असलेल्या रविवारी तो सुरू होतो. त्यामुळे आरंभाची तारीख २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान बदलते. या काळाला 'ॲडव्हेंट' असेही म्हणतात; तो शब्द आगमन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे.

हे आगमन दुहेरी आहे: बेथलेहेमात झालेल्या येशूच्या जन्माचे स्मरण आणि युगान्ती होणाऱ्या त्याच्या पुनरागमनाची प्रतीक्षा. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत पुनरागमनावर भर असतो आणि १७ डिसेंबरपासून तो जन्माकडे वळतो. म्हणूनच आगमनकाळ ही केवळ नाताळाची पूर्वतयारी, हा रूढ समज अपुरा ठरतो.

इतिहास

पाचव्या शतकात तूरचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाचा नियम घातला होता. मिलानच्या परंपरेत हा काळ आजही सहा आठवड्यांचा आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नाताळापूर्वी ४० दिवस उपवास करतात.

साधना

जागृत राहणे हा या काळातील साधनेचा गाभा आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे वाचन, मौन, पापनिवेदन व दानधर्म ही तिची नेहमीची अंगे होत. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात आणि मिस्सेत 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत वगळले जाते. तिसऱ्या रविवारी मात्र आनंदसूचक गुलाबी रंग चालतो. पोलंड व ऑस्ट्रियात पहाटेच्या अंधारात केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात मिस्सा होते. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक लावण्याचे हिरवे चक्र जर्मनीतून आले. १८३९ साली योहान हिनरिख विखर्न यांनी हॅम्बुर्गजवळच्या आपल्या आश्रमातील मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. नाताळ किती दूर आहे हे मुलांना त्यावरून मोजता येई.

प्रतीक्षेचा हा भाव टिकवणे आज अवघड झाले आहे. बाजारपेठेत नाताळ डिसेंबरच्या आधीच सुरू होतो आणि वाट पाहण्याचे दिवस खरेदीत व मेजवान्यांत संपतात. याच्या अगदी उलट परिस्थितीत लिहिले गेलेले चिंतन या विषयावर विशेष मोलाचे मानले जाते. नाझी राजवटीच्या कैदेत असलेले येशूसंघीय धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातांत बेड्या असताना, आगमनकाळावरील चिंतने लिहिली. ती कागदांच्या तुकड्यांवरून गुप्तपणे बाहेर पोहोचवली गेली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. त्याच तुरुंगातून प्रोटेस्टंट धर्मपंडित डिट्रिख बोनहोफर यांनी १९४३ च्या एका पत्रात आगमनकाळाची तुलना कोठडीशी केली होती, कारण तिचे दार आतून उघडत नाही. सुटकेची वाट पाहणाऱ्याने केलेली ही तुलना निव्वळ अलंकारिक म्हणता येणार नाही.

गोव्यातील आगमनकाळ

गोव्यात या काळाची सुरुवात शांततेत होणे कठीणच. ३ डिसेंबरला जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त असते; त्याआधी नऊ दिवस नोवेनाच्या प्रार्थना चालतात. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त येते. त्यानंतर घरोघरी गोठ्याचा देखावा व कागदी नक्षत्र करण्याची आणि नेवऱ्या, दोदोल यांची लगबग सुरू होते. देखावा आधीच मांडला, तरी बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गोठ्यात न ठेवण्याची प्रथा अनेक घरांत पाळली जाते.