हजेरीपटाबाहेरचे दिवस

मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्या वर्षी औद्योगिक तंट्यांपायी देशभरात ७ कोटी ४६ लाख श्रमदिवस बुडाले आणि त्यांतले सुमारे ४ कोटी १४ लाख एकट्या या संपाचे, असं सरकारी आकडेवारी सांगते. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत आणि त्यांच्यामागे गेलेले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून हा आकडा पुढे केला जातो. आकडा खोटा नाही. पण किती माणसं किती दिवस खात्यात उतरली नाहीत, याचा तो निव्वळ गुणाकार आहे. कुणाचं काय बुडालं हे त्यातून कळत नाही. संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांकडे न खपलेल्या कापडाचे साठे होते आणि भिवंडीचे यंत्रमाग पुढेही धडधडत राहिले. त्यामुळे मालकाला घाई नव्हती. कामगाराची चूल मात्र पहिल्याच महिन्यात थंडावली. तक्त्यात दोघांचा दिवस सारखाच. शिवाय गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरता घेतला जाणारा बदली कामगार गिरणी चालू असतानाही दारावरून काम न मिळता परत जायचा. त्याचे ते दिवस कुठल्याच रकान्यात चढले नाहीत, आणि बदलीवाल्यांना कायम करा ही तर या संपातली एक मागणीच होती.

यावर म्हणता येईल की मोजमाप ढोबळ असलं तरी दोन संपांची तुलना करायला ते पुरतं. मग करून पाहू. १९२८ साली मुंबईतले दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. त्या वर्षी देशात ३ कोटी १६ लाख दिवस बुडाले, त्यांतला मोठा वाटा याच संपाचा. तो मिटला, चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली, भोंगे पुन्हा वाजले. १९८२ चा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटना म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच मान्यता होती, त्यामुळे ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी वाटाघाटी करायला सरकार आणि मालक बांधील नव्हते. एका संपाला शेवट होता, दुसऱ्याला नव्हता. हा सर्वांत मोठा फरक गुणाकारात उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संपच झाला नसता तर गिरण्या बंद पडल्या नसत्या. संपाने पडझडीला वेग दिला, हे मान्यच करायला हवं. पण आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण करणारा कायदा १९७४ चा, म्हणजे दुखणं आधीचं होतं. १९८३ मध्ये मुंबईच्या आणखी १३ गिरण्यांचं व्यवस्थापन केंद्राने हाती घेतलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट दिली, आणि परळ-लालबागची जमीन साच्यांपेक्षा मोलाची ठरली. आता मोजणीची रीत पाहा. संपाचे दिवस मोजले जातात, टाळेबंदीचेही मोजले जातात. गिरणी कायमची बंद झाली की तंटाच उरत नाही. हजेरीपट मिटतो आणि बुडालेल्या दिवसांच्या रकान्यात शून्य येतं. कोकणात, साताऱ्या-कोल्हापुरात परतलेल्या कामगाराची पुढची बेकारीची वर्षं या हिशेबाने बुडालीच नाहीत. संपाचं वर्ष देशाच्या औद्योगिक शांततेच्या दृष्टीने भयंकर वर्ष ठरतं आणि नंतरची वर्षं सुधारणेची दिसतात, ती या रीतीमुळेही.